पाठीवरचं वाक्य

परग्रहावरच्या प्राण्याला राग आला की तो काय करतो, हे हेमाताई धैर्यवानांना पक्कं ठाऊक असायचं. तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "अरे, आमच्याच तळमजल्यावर राहतो तो."

हेमाताई परदेशी मालिकांच्या मराठी डबिंगचे संवाद लिहायच्या. त्यातही अंतराळयानं, निळी माणसं, तीन डोळ्यांचे राजदूत असलं काही आलं की ते त्यांच्याकडेच. मी त्या निळ्या माणसांचे आवाज काढतो. सुहास परब, डिलाईल रोड. माझं तोंड तुम्ही पडद्यावर कधी बघितलेलं नाही आणि बघाल असंही वाटत नाही. परळला एका जुन्या इमारतीच्या तळघरात आमचा स्टुडिओ आहे, तिथे आम्ही दोघं सात वर्षं काचेच्या अलीकडे-पलीकडे बसलो. मालिकांची नावं सांगत नाही, करारात मनाई असते.

पहिल्यांदा त्यांना बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई चुकून खाली उतरली. साठी उलटलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि हातात गवती चहाचा थर्मास. चहा थर्मासच्या झाकणातूनच प्यायच्या, स्टुडिओच्या कपाला कधी शिवल्या नाहीत. एक डोळा मिटून पडद्यावरचे ओठ बघायच्या आणि बोटातली अंगठी टेबलावर टकटक आपटत अक्षरं मोजायच्या. ओठ लवकर मिटले की पडद्यालाच झापायच्या, "अरे मेल्या, एवढ्यात मिटलंस? माझं क्रियापद राहिलंय ना अजून!"

त्याआधी तीस वर्षं त्या एका विमा कचेरीत तक्रारींच्या पत्रांना उत्तरं लिहीत होत्या. "माणूस काय लिहीत नाहीये ते मला आधी वाचता येतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याचा अभिमान होता त्यांना, आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

त्यांच्याकडे एक लांबडी वही होती. नवीन मालिका आली की प्रत्येक प्राण्यासाठी त्यात एक पान. हा रागावला की काय करतो, लाजला की काय करतो, दुःख झालं की काय करतो. आणि समोर गिरगावातल्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या कुणाचं तरी नाव. एका ग्रहाचा सम्राट म्हणजे त्यांचे सोसायटीचे सेक्रेटरी. एक ढगासारखा, हातपाय नसलेला प्राणी होता, तो म्हणजे त्यांच्या नणंदबाई. "सगळीकडे पसरतात आणि हाताला लागत नाहीत," असं त्यापुढे लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

माझी पहिली परीक्षा त्यांनीच घेतली. एक सेनापती आपल्या सैनिकाला फैलावर घेतो असा प्रसंग होता. मी आपला डिलाईल रोडचा, लावला आवाज तळापासून. काचेपलीकडून हेमाताईंनी बटण दाबलं. "परब, हा रागावलाय की जेवायला बोलावतोय?"

"ताई, आमच्याकडे दोन्ही असंच असतं," मी म्हटलं. आणि खरंच असतं हो. आमची आई मालवणची. उशिरा घरी गेलो की जिन्यात ऐकू यायचं, "मेल्या, खंय मरूक गेललंस? जेव आदी!" शेजारचे म्हणायचे, परबांच्या घरात भांडण लागलंय. भांडण कसलं, ताटात सुरमई वाढलेली असायची.

हेमाताई इतक्या हसल्या की थर्मासचं झाकण लवंडलं. मग म्हणाल्या, "आमच्या धैर्यवानांकडे आवाज चढला तर घराला आग लागलीय समजायचं. राग आला की आम्ही बोलणं बंद करतो. चार दिवस. पाचव्या दिवशी भानोळं करतो." भानोळं म्हणजे कोबी आणि कोलंबीचं, वरून खरपूस भाजलेलं. त्यांच्या पाठारे प्रभू लोकांची खासियत. स्टुडिओत डब्यातून भानोळं आलं की आम्ही ओळखायचो, घरी आप्पांशी तह झालेला दिसतोय. आप्पा म्हणजे त्यांचे यजमान.

मला कामावर घेतलं, पण पुढचे दोन महिने बाईंच्या तोंडून एकच शब्द. जीव तोडून सीन करावा आणि काचेपलीकडून यावं, "ठीक आहे." मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, माझं काही खरं नाही, ही बाई मला काढणार. शेवटी एकदा त्यांच्या घरी स्क्रिप्ट आणायला गेलो होतो तेव्हा आप्पांकडे रडगाणं गायलं. आप्पा गोल, गुलगुलीत, सतत खिशात शेंगदाणे असलेला माणूस. त्यांनी माझ्या हातावर चार दाणे ठेवले आणि म्हणाले, "अरे वेड्या, लग्न ठरवताना मला बघून हिच्या वडिलांनी 'ठीक आहे' म्हटलं होतं. त्याच्या वर या लोकांत काही नसतं. त्यावर मी चाळीस वर्षं चाललोय." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. डबिंगमध्ये वाक्य ओठांत बसवावं लागतं. पण पात्राने कॅमेऱ्याकडे पाठ केली की ओठ दिसत नाहीत, मग काय वाट्टेल ते घाला. न कळलेलं समजावून द्या, राहिलेलं भरून काढा. "पाठ दिसली की आपलं राज्य," हेमाताई म्हणायच्या आणि अंगठी जोरात वाजवायच्या. एका मालिकेत एक म्हातारा जनरल खिडकीबाहेर बघत नुसता उभा होता, मूळ मालिकेत अवाक्षर नाही. हेमाताईंनी त्याच्या पाठीवर घातलं, "आई असती तर म्हणाली असती, घरी ये." लोकांना तेवढंच वाक्य लक्षात राहिलं. एक बाई तर मला एका लग्नात भेटून म्हणाल्या, त्या जनरलने रडवलं हो.

आप्पा गेले ते अचानक, सकाळी पेपर वाचताना. मी गिरगावला पोचलो. स्मशानातून परतलो तेव्हा घरात अशा वेळी असते तशी शांतता होती, कुणी कुणाला 'या' म्हणत नव्हतं की 'बसा' म्हणत नव्हतं. हेमाताई बाहेरच्या खोलीत ताठ बसलेल्या, डोळ्यांत टिपूस नाही. आणि आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला.

आत त्यांची सून शेरिल होती. मूळची माझगावची, गोवेकर ख्रिश्चन. हेमाताईंचा मुलगा केदार आणि ती माहीमला राहायचे. काळा, नीट इस्त्री केलेला ड्रेस घालून ती चार आत्ते-मावस नणंदांच्या मधे बसली होती आणि हातवारे करून काहीतरी सांगत होती. "...आणि आप्पा अनवाणी! वरती सूट, टाय, सगळं, आणि खाली—" पोरी पदर तोंडाशी धरून फिसफिसत होत्या. शेरिल तर मोकळी हसत होती, तोंडभर.

हेमाताई कधी उठल्या ते मला कळलं नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, आवाज न चढवता, "शेरिल, दात झाक. या घरातला माणूस गेलाय."

"मम्मी, मी तर आप्पांचीच—"

"सुटलो एकदाचे असं वाटत असेल, तर ते माहीमला जाऊन साजरं कर. माझ्या घरात नको."

शेरिलचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पर्स उचलली आणि माझ्या समोरून जिना उतरून गेली. केदार दोघींच्या मधे नुसता उभा. मलाही त्या वेळी शेरिलचाच राग आला होता, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे असं कुणी हसलं असतं तर आईने पायताण काढलं असतं.

पुढे केदारने आईला समजावलं म्हणे, की शेरिलच्या घरात माणूस गेला की त्याच्या गमती सांगतात, हसतात, तेवढा वेळ तो खोलीत असल्यासारखं वाटतं त्यांना. हेमाताईंनी ऐकून घेतलं आणि काही बोलल्या नाहीत. चार दिवस गेले, पाचवा गेला, भानोळं झालं नाही. तीन वर्षं झालं नाही. केदार रविवारी एकटा यायचा. शेरिलने त्या घरात पाऊल टाकलं नाही आणि हेमाताईंनी तिचं नाव काढलं नाही. एकदा मी चुकून विषय काढला तर म्हणाल्या, "परब, माणसाच्या हसण्यात काय आहे ते मला वाचता येतं." झालं, विषय बंद. पण त्यानंतर थर्मास उघडायचा विसरून बसल्या होत्या, ते मी बघितलं.

आणि मग ती आठ भागांची मालिका आली. अंतराळयानाची कप्तान एक बाई, पृथ्वीवरची. तिचा सहकारी ओरमेक, राखी रंगाचा, सात फूट उंच, दुसऱ्या ग्रहाचा. ओरमेक मी. तिसऱ्या भागात कप्तानबाईंचा भाऊ मरतो. ती त्याच्याजवळ बसून रडतेय आणि हा ओरमेक काय करतो, तर तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. नुसता उभा. चाळीस सेकंद.

"चाळीस सेकंद पाठ!" हेमाताईंचे डोळे चमकले. "आपलं राज्य रे परब!" त्यांनी वाक्य लिहिलं: "रडू नका, कॅप्टन. माझंही काळीज तुटतंय हो." मी ते असा हुंदका देऊन म्हटलं की आमच्या रेकॉर्डिस्ट सावंतने कानावरचे हेडफोन काढून डोळे पुसले. काचेपलीकडून आवाज आला, "ठीक आहे." त्या दिवशी मी घरी मासे घेऊन गेलो.

गोष्ट फुटू नये म्हणून चॅनेलवाले आम्हाला एकेक भाग पाठवतात. पुढे काय होणार ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुढच्या भागांत कप्तानबाई ओरमेकशी बोलेनात, त्याला खालच्या इंजिनात धाडलं. आम्हाला कळेना, एवढं गोड बोलला बिचारा, तरी बाईचा राग कसला? हेमाताई म्हणाल्या, परदेशी लिहिणाऱ्यांना काही पोच नसते.

आठवा भाग आला. त्यात ओरमेकच्या ग्रहाची एक म्हातारी कप्तानबाईंना सांगते की आमच्यात कुणी रडत असलं तर त्याच्याकडे बघत नाहीत. पाठ करून पहारा देतात, म्हणजे त्याला पोटभर रडता येतं. कप्तानबाई धावत खाली इंजिनात जाते. म्हणते, तू एक शब्दही बोलला नाहीस, मला वाटलं तुला काहीच वाटलं नाही. आणि ओरमेक म्हणतो, बोललं की पहारा मोडतो.

अंगठीची टकटक थांबली. मी बूथमधून बघतोय, हेमाताई हलेनात. मग म्हणाल्या, "सावंत, तिसरा भाग लाव." लावला. पडद्यावर ती राखी पाठ, आणि त्यावर माझा हुंदका. काळीज तुटतंय हो. इतका ओशाळवाणा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

त्यांनी तिथूनच चॅनेलला फोन लावला. पलीकडून एक मॅडम बोलत होत्या, स्पीकर चालू होता. हेमाताई म्हणाल्या, तिसऱ्या भागातलं वाक्य काढायचं, तिथे काही नको.

"अहो, पण ते वाक्य आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडलंय! काढलं तर ऑडियन्सला वाटेल हा निर्दयी आहे."

"वाटू दे. कॅप्टनलाही तेच वाटतं. बघणाऱ्यालाही पाच भाग तेच वाटलं पाहिजे, म्हणजे आठव्यात लाज वाटेल."

"रिस्क आहे, मॅडम."

"मग शेवटी माझं नाव येतं ते काढा. त्या पाठीवर माझं नाव नको मला."

दोन दिवस नुसती फोनाफोनी चालली, पण वाक्य निघालं. पण मला आठवतो तो त्याच दिवशीचा, फोन ठेवल्यानंतरचा प्रसंग. सावंत चहाला वर गेला. मी बूथमधून बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसलो. हेमाताई वहीतलं ओरमेकचं पान बघत होत्या. 'दुःख झालं की' याच्यासमोर त्यांनी लिहिलं होतं: बोलून मोकळा होतो.

"परब," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी शेरिल नुसती हसत होती रे. तिने काहीच म्हटलं नव्हतं. 'सुटलो एकदाचे' हे मी घातलं. माझं वाक्य होतं ते."

मी त्यांच्या थर्मासचं झाकण भरून त्यांच्यापुढे ठेवलं.

पुढच्याच महिन्यात मालिका आली, सगळे भाग एकदम. त्यानंतरच्या आठवड्यात हेमाताईंनी मला गाठलं. "शनिवारी जेवायला ये गिरगावला. शेरिल आणि केदारला बोलावलंय."

"मी कशाला मधे?"

"मला भीती वाटते म्हणून," त्या सरळ म्हणाल्या. "नुसता बस. आवाज काढू नकोस."

"येते म्हणाली का शेरिल?"

"'ओके मम्मी' म्हणाली. आता हे 'ओके' रागाचं की आनंदाचं?" मी काही म्हणायच्या आत त्यांनीच मान हलवली. "मला माहीत नाही." सात वर्षांत हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

शनिवारी जिन्यातच भानोळ्याचा वास येत होता. शेरिल आली, हातात घरी केलेला केक, अंगावर तोच काळा ड्रेस की दुसरा, कोण जाणे. हेमाताई 'ये' म्हणाल्या, ती 'हो' म्हणाली. ताटं वाढली. केदार बिचारा भानोळ्याची इतकी तारीफ करत होता की कोबीलाही कंटाळा आला असेल. माफीबिफीचा शब्द कुणी काढला नाही. मला वाटलं, संपलं, आता केक कापायचा आणि आपापल्या घरी जायचं.

हेमाताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "शेरिल, त्या दिवशी तू आप्पांची गोष्ट सांगत होतीस. अर्धी राहिली. पुरी कर."

शेरिलने केदारकडे बघितलं. मग हेमाताईंकडे. "खरंच सांगू, मम्मी?"

"सांग."

"आमच्या लग्नात ना, तुम्ही पुढे बसला होतात, तुम्हाला दिसलं नाही. आप्पांनी चर्चच्या दारातच बूट काढले. देवळात काढतो तसे. तुम्ही घेतलेले ते नवे ब्राऊन. आणि ठेवले कुठे, तर दानाच्या पेटीला टेकवून! तिथल्या माणसाला वाटलं कुणीतरी दान ठेवलंय. त्याने बाहेरच्या एका म्हाताऱ्याला देऊन टाकले. आम्ही बाहेर आलो तर तो अंकल पायऱ्यांवर ते घालून, असा पाय हलवून हलवून बघत होता. मी म्हटलं, आप्पा, मी मागते. तर मला म्हणाले, अगं, तो किती खूश आहे बघ, आता कसे मागणार? मग काय, रिसेप्शनला माझ्या डॅडींच्या बाथरूम स्लिपर्स. सूट, टाय, आणि खाली निळ्या स्लिपर्स!"

केदार हसायला लागला. मी ओठ दाबून बसलो, आवाज काढायचा नव्हता ना.

"म्हणून प्रत्येक फोटोत कुंडीमागे उभे!" हेमाताई पुटपुटल्या. "मला म्हणाले, बूट चावत होते, परत केले दुकानात."

"ते मीच शिकवलं त्यांना," शेरिल म्हणाली आणि तिचा आवाज जरा खाली आला. "मला शपथ घातली होती. हेमाला सांगू नकोस म्हणाले. ओरडली असती तर चाललं असतं, पण ती ओरडणार नाही. गप्प बसेल. ती गप्प बसली ना, की मला घरात एकट्याला फार भीती वाटते." शेरिलने डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसत होती. "हे शेवटचं सांगणारच होते त्या दिवशी. तेवढ्यात तुम्ही आलात, मम्मी."

हेमाताई हसल्या. आधी थोड्या, मग खदखदून, खांदे हलवून. आणि हसता हसताच खुर्ची सरकवून उठल्या, खिडकीकडे वळल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या. चेहरा मोडला त्यांचा. आप्पा गेल्यापासून तीन वर्षांत ही बाई रडलेली कुणी बघितली नव्हती. केदार "आई" म्हणत अर्धवट उठला.

शेरिलने त्याला हाताने थांबवलं. ती स्वतः उठली, टेबलाला वळसा घालून हेमाताईंपर्यंत गेली, आणि त्यांना हात न लावता, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. आमच्याकडे बघून तिने बोटाने खूण केली: वळा.

"ती तुझ्या सगळ्या मालिका बघते, आई," केदार हळूच म्हणाला, "पहिल्यापासून." आणि वळला. मीही वळलो. डोळ्यांसमोर भिंत, भिंतीवर वाण्याचं कॅलेंडर, त्यावर दूधवाल्याच्या खाड्यांच्या खुणा. मोठी तीन माणसं जेवणातून उठून, खरकट्या हातांनी, भिंतीकडे तोंड करून उभी. कुणी दारातून बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय वेड लागलंय काय यांना!

त्यानंतर आमच्याकडे नवी मालिका आली नाही आणि दोन महिन्यांत हेमाताई झोपेतच गेल्या. मी तेव्हा गावाला होतो, मला पोचता आलं नाही. केदार म्हणाला, दिवसभर शेरिल त्यांच्या गमती सांगत होती, बिल्डिंगमधल्या बायका आधी बिचकल्या आणि मग एकेक जण आपलीही सांगायला लागली. त्यामुळे मला शेवटच्या भेटल्या त्या त्याच शनिवारी. बघितल्या असं म्हणता येत नाही, कारण मी कॅलेंडर बघत होतो.

रडणं हा माझा धंदा आहे. हुंदका, स्फुंदणं, टाहो, काय हवं ते सांगा, काढून देतो. त्या दिवशी मागून जे ऐकू आलं ते मला काढता येणार नाही. बराच वेळ चाललं. कुणी बोललं नाही, कुणी वळलं नाही. मग नाक शिंकरल्याचा आवाज, मग टेबलावर अंगठीची एकच टक.

आणि हेमाताई म्हणाल्या, "ठीक आहे."